शिवून झाली, आता पाण्यात घाला : गोधडी प्रकल्पाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

सोलापुरातल्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरली, बायका पुन्हा शिवणाला बसल्या. अशोक चौकाच्या मागच्या आमच्या खोलीत सध्या दोन तऱ्हेचं काम चालतं. एक, गिऱ्हाईक घरातली जुनी लुगडी-धोतरं आणून देतं, त्यांची गोधडी. दुसरं, यंत्रमागवाल्यांकडून किलोवर मिळणारी चादरीची नि टॉवेलची कतरण आणि जोडीला कोरा मांजरपाट, त्यांची गोधडी. पहिल्या कामात धुण्याचा प्रश्न कधी आला नाही. वीस-पंचवीस वर्षं पिळून, धोपटून निघालेलं कापड ते. जायचा तो रंग गेलेला, आटायचं तेवढं आटलेलं. घट बसायच्या आधी गावोगाव वाकळा नदीवर नेऊन तुडवून धुतात आणि त्यांना काही होत नाही, यात शिवणारीच्या हाताचं कौतुक आहेच. पण निम्मं श्रेय त्या मुरलेल्या कापडाचं.

दुसऱ्या कामात सगळंच कोरं. रंग कोरा, खळ तशीच, आणि तीन थरांचे तीन स्वभाव. या मालाची मागणी वाढलीय, म्हणून एकदा ठरवून टाकायचं आहे : गोधडी पुरी झाली की कोरीच द्यायची, की इथं एकदा धुऊन द्यायची?

अक्कांचं मत ठाम. "धुतलेला माल कोन घेतंय ताई? वापरलेला वाटतोय की." त्यांचं काही चूक नाही. कोऱ्या गोधडीची घडी ताठ बसते, प्रदर्शनात मांडली की लांबून उठून दिसते. पण मग पहिलं धुणं गिऱ्हाइकाच्या घरी होणार, त्यांच्या मशीनमध्ये, त्यांच्या पांढऱ्या बनियनांबरोबर. आणि फोन आम्हाला येणार.

६ फेब्रुवारी

पुरी झालेली एक गोधडी खिडकीपाशी अंथरली आणि नाकासमोर धरावी तशी पाहिली. धावदोऱ्याच्या कडेनं खडूच्या रेघा. दोन ठिकाणी मागाच्या तेलाचा काळपट ठिपका, तो कतरणीबरोबरच आलेला. एका कोपऱ्यात सुई टोचलेल्या बोटाचा तपकिरी डाग. टॉवेलच्या पट्टीवर रुई चिकटलेली.

आणि वास. आमच्या निम्म्या बायका कुंभारीकडच्या वसाहतीतून येतात, घरी विड्या वळतात. मांडीवर सुपात तंबाखू, शेजारी गोधडीचं काम. सूत वास धरून ठेवतं. त्यांना तो जाणवतच नाही, खोलीत बसून बसून मलाही जाणवेनासा झाला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली गोधडी आज सोडली तेव्हा भपकन आला. तान्ह्या मुलाच्या अंगावर जायची वस्तू आहे ही.

काम घरी देऊच नका, असं सुचवणारे भेटतात. विडीची मजुरी बुडवून दिवसभर खोलीत येऊन बसणं कुणाला परवडतं? काम घरीच जाणार. तेव्हा वास पाण्यानं काढायचा. धुवायची की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता इथंच मिटला. आता कशी, एवढंच.

डागांचं आधी लिहून ठेवते. रक्ताला गार पाणी, तेही ताबडतोब. गरम पाणी पडलं की रक्त धाग्यात शिजतं आणि मग निघत नाही. अक्का टोचल्या टोचल्या स्वतःची थुंकी लावून चोळतात. ताज्या डागाला तो उपाय चालतो. तेलाच्या डागावर आधी पाणी नको. कोरड्या डागावरच भांडी घासायचा पातळ साबण चोळून पंधरा मिनिटं ठेवायचा, पाणी त्यानंतर.

१० फेब्रुवारी

रंगाची चाचणी. प्रत्येक रंगाच्या कतरणीचा तळहाताएवढा तुकडा, काचेच्या ग्लासात गरम पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, आणि त्यातच पांढऱ्या मांजरपाटाची एक पट्टी. अर्धा तास ठेवायचं, मग तुकडा आणि पट्टी एकमेकांना चिकटवून तशीच वाळू द्यायची. पाणी रंगलं म्हणून दचकायचं कारण नाही, पट्टी रंगली का ते पाहायचं.

निळा आणि हिरवा पास. मोरपंखी नक्षीच्या चादरीच्या कतरणीनं पाणी निळसर केलं, पट्टी मात्र पांढरी राहिली. लाल आणि मरून, दोघांनी पट्टी गुलाबी केली. काळ्यानं राखी-जांभळी.

तुकडे घेऊन ओळखीच्या रंगाईवाल्या काकांकडे गेले. त्यांनी ग्लासबिस काही पाहिलं नाही, लाल तुकडा दोन बोटांत ओला करून चोळला. "डायरेक्ट रंग हाय हो. फिक्सर मारलंय, पर लई गरम पाण्यात ठेवू नका."

काकांकडून समजून घेतलं ते असं. सुतावरचे रंग एका जातीचे नसतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बांधला जातो. जो बांधला गेला नाही तो पहिल्या एक-दोन धुण्यांत निघून जातो आणि मग थांबतो. व्हॅट रंग सगळ्यांत पक्का आणि महाग. डायरेक्ट रंग स्वस्त, पण तो धाग्यात नुसता मुरून बसलेला असतो, बांधलेला नसतो, म्हणून दर धुण्याला थोडा थोडा सुटतच राहतो. फिक्सरनं त्याचं सुटणं कमी होतं, संपत नाही. शिवाय चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे एकाच कतरणीत शेजारी शेजारी दोन स्वभावांचे धागे असू शकतात. निळा पास झाला म्हणून त्या तुकड्यातला लालही पास, असं नाही. ग्लास रंगागणिक नव्हे, तुकड्यागणिक लावायचा.

११ फेब्रुवारी

मिठाचा विषय निघणारच होता. मावशी : "मूठभर मीठ टाका बादलीत, रंग पक्का होतो." दुसरीची तुरटी, तिसरीचं व्हिनेगर. वाद नको म्हणून त्याच लाल कतरणीचे चार तुकडे चार ग्लासांत : मीठ, तुरटी, व्हिनेगर आणि नुसतं पाणी. रात्रभर ठेवून सकाळी सगळ्यांना साबणाच्या गरम पाण्यात घातलं. चारही पट्ट्या गुलाबी.

मिठाचा उपयोग आहे, पण तो रंगाईच्या टाकीत. तिथं मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे जातो. घरच्या बादलीत मीठ असेपर्यंत रंग थोडा दबून राहतो, म्हणून पक्का झाल्यासारखा वाटतो. पुढच्या साध्या पाण्यात पुन्हा सुटतो. तुरटी वनस्पतीच्या रंगांना लागते, कापड रंगवायच्या वेळी. व्हिनेगर रेशमाला आणि लोकरीला ठीक, सुताला काही नाही. मावशींना पट्ट्या दाखवल्या. "आमच्या आईच्या वेळचं मीठ वेगळं होतं," म्हणाल्या. असेल.

सुटा रंग काढायचा तर उलटी वाट : भरपूर गरम पाणी, पुरेशी पावडर, आणि कापडाला मोकळी जागा. पावडर सुटलेल्या रंगाला पाण्यात धरून ठेवते, तो दुसऱ्या कापडावर बसत नाही. थोड्या पाण्यात दाटीवाटीनं कोंबलं की लाल रंग पांढऱ्यावर चढलाच.

म्हणून आजपासून कतरण कापायच्या आधी एकदा धुवायची. सुट्या पट्ट्या मशीनमध्ये गेल्या तर दशा सुटून त्यांचा गुंता होतो. मार्केट यार्डातून कांद्याच्या जाळीच्या रिकाम्या गोण्या आणल्या, त्यात निम्म्यापर्यंत कतरण भरून तोंड बांधलं. गुंता जवळजवळ नाही, आणि रुईही पुष्कळशी आधीच निघते. लाल आणि काळ्याच्या गोण्या वेगळ्या. तीन पाण्यांनंतरही पट्टी रंगवणारी कतरण पांढऱ्याबरोबर जायची नाही, ती गडद गोधड्यांत.

१७ फेब्रुवारी

आतल्या थराकडे कुणाचं लक्ष नसतं. भरणासाठी आम्ही सेकंडच्या चादरी घेतो, विणीत दोष असलेल्या. स्वस्त, जाड, उबदार. वर पांढरा मांजरपाट, आत लाल-काळी चादर, खाली फिकट अस्तर. हातभर नमुना शिवून भिजवला. तासाभरात वरच्या मांजरपाटावर आतल्या चादरीची नक्षी उमटली, धावदोऱ्याच्या भोकांभोवती जास्त गडद. दिसायला वाईट नव्हतं, एका मुलीनं तर "असंच विकूया की" म्हटलं.

तो नमुना वाळू दिला नाही. ओला आहे तोवर रंग सुटा असतो. वाळवला किंवा इस्त्री फिरवली की काढणं अवघड जातं. गरम पाणी, पावडर, रात्रभर बुडवून, पाणी बदलून पुन्हा. नक्षी गेली, भोकांभोवती अगदी फिकट छटा राहिली.

यापुढे भरणाची चादरही कतरणीसारखीच आधी धुऊन घ्यायची. फिकट गोधडीच्या पोटात गडद चादर नाहीच.

२४ फेब्रुवारी

आटण्याचं माप. मीटरभर चौरस मांजरपाटावर दोऱ्यानं खुणा करून धुतला, वाळवला. उभ्यात साडेपाच सेंटिमीटर आटलं, आडव्यात अडीच. उभा धागा मागावर ताणलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सोडतो, म्हणून उभ्यात जास्त. जुनी साडी मात्र तसूभरही हलली नाही.

वर कोरा मांजरपाट आणि आत जुनी साडी असा मेळ घातला की धुतल्यावर वरचं आखडतं, आतलं तेवढंच राहतं, आणि दोन टाक्यांच्या मध्ये बारीक चुण्या पडतात. मला त्या चुण्या आवडतात. गोधडी मऊ दिसते, हाताला भरीव लागते. पण बेडच्या मापाची ऑर्डर असेल तर गिऱ्हाइकाच्या घरी ती अर्धी वीत आखूड होईल, हे त्याला कोण सांगणार? मापाच्या गोधडीला मांजरपाट आधी धुऊन घ्यायचा. बाकीच्यांना कोराच लावायचा आणि चुण्या इथंच पाडून द्यायच्या.

दोरा सुती. पॉलिस्टरचा आटत नाही, मग कापड आखडलं की टाके ढिले पडून वर लोंबतात. आणि सुती दोऱ्यानंही करकचून ओढू नये, हे नव्या मुलींना सांगून सांगून तोंड दुखलं.

२ मार्च

पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड येतं, बोअरला रोज. बोअरचं पाणी जड आहे; साबणाच्या वडीनं धुतलं तर फेस येत नाही, वर दह्याच्या सायीसारखा थर तरंगतो आणि काळ्या कापडावर पांढरे कण बसतात. ते कण साबण आणि पाण्यातला चुना यांचे, कितीही खळबळलं तरी निघत नाहीत. म्हणून वडी बंद. भिजवायच्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवून थोडा वेळ ठेवायचा, चुना खाली बसतो, मग पावडर. पहिली दोन पाणी बोअरची, शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात. म्हणजे धुण्याचा दिवस आता आमच्या हातात नाही, तो महापालिका ठरवणार.

७ मार्च

पहिली पूर्ण गोधडी धुतली. साडेपाच बाय सात फूट, कोरडी भरली २ किलो ६०० ग्रॅम.

मोठ्या टबाच्या तळाला आधी एक जुनी चादर पसरली, तिची टोकं टबाबाहेर. त्यावर गोधडी सैल घड्या घालून. कोमट पाण्यात तासभर भिजवली. पाणी पिवळट-तपकिरी झालं, त्यात खळ होती, खडू होता आणि तंबाखू होती. वास घेतला आणि कोणी काही बोललं नाही, पण दोघी हसल्या. ते पाणी सोडून पावडरचं नवं पाणी. मग साड्या खोचून दोघींनी पायानं तुडवली, हळूहळू, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. धोपटणं नाही, हातशिलाईच्या टाक्यावर धोपटणं बसलं की दोरा कापडालाच कापतो.

खरी कसोटी उचलण्याची. ओली गोधडी कोरडीच्या तिप्पट तरी जड होते, आणि एका कोपऱ्यानं ओढली की सगळा भार त्या कोपऱ्याच्या टाक्यांवर येतो. कडाकडा तुटतात, ऐकू येतात. तळाची चादर त्यासाठीच. चौघींनी तिची चार टोकं धरून गोधडी झोळीसारखी उचलली, दुसऱ्या टबावर धरून पाणी गळू दिलं, मग खळबळायला सोडली. पिळायची नाही. शेवटी टबाच्या उतारावर ठेवून हातांनी दाबून पाणी काढलं.

दोन टाके तुटले, दोन्ही कडेचे. कडेला दुहेरी टीप घालायची.

१२ मार्च

खुणांच्या पेनांबद्दल थोडक्यात. निळा, पाण्यानं जाणारा पेन : आधी नुसत्या गार पाण्यानं पुसून घालवायचा, साबण किंवा गरम पाणी आधी लागलं तर रेघ पिवळी-तपकिरी होऊन कायमची बसते. इस्त्रीनं उडणारा पेन : रेघ उडते, पण थंडीत परत उमटते. तुकडा फ्रीजरमध्ये ठेवून पाहिला, सगळ्या रेघा हजर. सोलापुरात हा धोका नाही म्हणा, पण एक गोधडी मनालीला गेलीय. साधा शिंप्याचा खडू बरा. मेणाचा खडू नको.

१९ मार्च

रंगपंचमी. गच्चीवर काहीही वाळत घालायचं नाही. खाली रंगगाडे, वर पोरं पिचकाऱ्या घेऊन. धुणं बंद.

२४ मार्च

सकाळी एक वहिनी आल्या, सासूबाईंच्या इरकली घेऊन. सहा लुगडी, गडद हिरवी, मोरपिशी, एक काळी-चंद्रकळेसारखी, सगळ्यांना लाल पदर. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. दोन मुलींसाठी दोन गोधड्या करायच्या आहेत.

मी आता सवयीनं विचारलं, धुऊन देऊ ना? त्या एकदम म्हणाल्या, "नको. धुवू नका. पेटीचा वास आहे त्यांना."

सहा आठवडे वास घालवायच्या मागे लागलेल्या माणसाला हे ऐकवलं गेलं. लुगडं नाकाशी नेलं : डांबरगोळी, थोडं खोबरेल, थोडी धूळ. ठीक आहे. ही दोन कामं घरी जाणार नाहीत, खोलीतच शिवायची आणि विड्या न वळणाऱ्या दोघींनीच. खडू लावायचा नाही, दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी खुणा करायच्या. धुण्याऐवजी सावलीत वारा द्यायचा.

पुढेमागे त्या धुतीलच, म्हणून त्यांना सांगितलं. इरकलीचं अंग सुती, पण पदर बहुधा रेशमाचा नाहीतर चमक्याचा, म्हणजे रेयॉनचा. रेयॉन भिजलं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते; वाळल्यावर परत येते. ओला असताना पदर पिळला किंवा ओढला तर तिथंच फाटतो. आणि ते लाल पदर इतक्या वर्षांनीसुद्धा रंग सोडू शकतात. कारण अंगाइतकं पदराला कुणी चोळून धूत नाही, लुगडं जपून वापरणाऱ्या बाईचा पदर तर नाहीच. ओला रुमाल घासून पाहिला, सहापैकी दोन पदरांनी गुलाबी खूण सोडली. ते दोन पदर गोधडीच्या मध्यभागी न घेता कडेला, गडद हिरव्याशेजारी घ्यायचे ठरलं. वहिनींना पदर मध्यभागीच हवे होते. समजावलं. नाखुशीनं हो म्हणाल्या.

३ एप्रिल

ऊन आता चाळिशीकडे. गोधडी दुपारी वरून दोन तासांत वाळते आणि इथंच फसगत होते : वर कडकडीत, आत टॉवेलच्या थरात ओल. तशी घडी घालून पिशवीत गेली की आठवड्यात कुबट वास. हाताला कळत नाही, काट्याला कळतं. धुण्यापूर्वीचं वजन लिहून ठेवायचं, वाळल्यावर त्याच्या जवळ येईपर्यंत घडी नाही. ७ मार्चची गोधडी पहिल्या संध्याकाळी २ किलो ९५० होती, बोटांना अगदी कोरडी.

वाळत घालताना एका दोरीवर नको, सगळं पाणी आणि वजन खालच्या काठात उतरतं. तीन-चार समांतर दोऱ्यांवर आडवी पसरायची, किंवा बाजेवर. बाजेला खालूनही वारा लागतो. तोंड खाली, अस्तर वर. या दिवसांतलं ऊन रंग ओढून घेतं, डायरेक्ट लालचा तर आठवड्यात विटका होतो. आणि मागांच्या बाजूला गच्ची असेल तर वर एक जुनी साडी पांघरायची, नाहीतर रुई पुन्हा येऊन बसते.

९ एप्रिल

गिऱ्हाईक तुडवणार नाही, मशीन लावणार. एकीच्या घरच्या पुढून उघडणाऱ्या सात किलोच्या मशीनमध्ये एक गोधडी लावून पाहिली. वजनात बसते, जागेत कशीबशी. नाजूक कापडाचा प्रोग्रॅम, कमी फेऱ्यांचं पिळणं, बरोबर दुसरं काही नाही : व्यवस्थित निघाली. वरून उघडणाऱ्या, मध्ये खांब असलेल्या मशीनमध्ये गोधडी खांबाला गुंडाळली जाते, तिथं नको.

चिठ्ठीचा मजकूर : ही गोधडी एकदा धुऊन, वाळवून दिली आहे. गार किंवा कोमट पाणी. पहिल्या दोन वेळा वेगळी धुवा. पिळू नका. उलटी करून सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.

"एकदा धुऊन" हे शब्द ठेवायचे की नाही यावर पाऊण तास गेला. ठेवले, आणि खाली एक ओळ वाढवली : चुण्या धुण्यामुळे आलेल्या आहेत, तो दोष नाही.

१५ एप्रिल

दर. पावडर, सोडा आणि गरम पाण्याचा गॅस हा किरकोळ खर्च. मजुरी खरी, कारण एका गोधडीमागे चौघींचा निम्मा दिवस जातो. एक मत असं की धुण्याचे पैसे वेगळे दाखवावेत, म्हणजे ज्याला कोरी हवी तो कोरी घेईल. मी नाही म्हटलं. पर्याय दिला की लोक स्वस्त घेणार, आणि तंबाखूच्या वासाची गोधडी आमच्या नावानं कुणाच्या तरी घरी जाणार. धुणं किमतीतच धरायचं. तुडवणाऱ्यांना शिवणाच्या मजुरीइतकाच तासाचा दर, कमी नाही. हे अक्कांनी लावून धरलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. इरकलीसारख्या जुन्या कापडाच्या कामाला धुण्याचा आकार नाही, मात्र ते काम खोलीतच होणार म्हणून शिवणाचा दर थोडा वर.

नवा दर पुढच्या ऑर्डरपासून. आधी घेतलेल्या पाच ऑर्डरी जुन्याच दरानं, धुऊन.